एकटीला पेलेल असं

चियो-साननी मला विचारलेला पहिला खरा प्रश्न वजनाबद्दलचा होता. त्याआधीचे त्यांचे सगळे प्रश्न थंडी सोसते का, भात चालतो का, आईची आठवण येते का, असे होते आणि त्यांची उत्तरं मी जपानीत पाठ करून ठेवली होती. त्या दिवशी मात्र त्या आमच्या स्वयंपाकघरात रॉकेलच्या स्टोव्हकडे पाठ करून बसल्या, चहाची वाटी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाल्या, "राता-सान, तुमच्याकडे एकट्या बाईला शंभर किलोचं ओझं जमिनीवरून वर उचलायचं असेल, तर ती काय करते?" माझं नाव लता. जपानी जिभेवर त्याची राता झाली होती आणि वर्षभरात मला तेही नाव स्वतःचं वाटायला लागलं होतं.

"चार माणसं बोलावते," मी म्हणाले.

"आणि माणसं नसली तर?"

मी उठून स्टोव्हवरची किटली उचलली आणि त्यांच्या वाटीत आणखी चहा ओतला. 

होक्काइदोच्या पूर्व टोकाकडच्या एका गावात आम्ही राहत होतो. सुहास तिथल्या कृषी विद्यापीठात गाईंच्या चाऱ्यावर डॉक्टरेट करत होता. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायचे. एकेरीवर यायला आम्हाला त्या घरातले दोन हिवाळे लागले. घर दोन खोल्यांचं, लाकडी, गावाच्या अगदी कडेला. मागच्या खिडकीतून आधी बिटाचं शेत, मग बर्च आणि ओकचं जंगल, मग डोंगर. नोव्हेंबर लागला की खिडक्यांना आतून प्लास्टिक चिकटवायचं, नळ रात्री रिकामा करून ठेवायचा आणि कांदे गोठू नयेत म्हणून ते बाहेर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवायचे, हे सगळं मला चियो-साननी शिकवलं. तूरडाळ, हिंग आणि मोहरी कोबेहून पार्सलने यायची. तिथल्या एका भारतीय दुकानाचा पत्ता सुहासच्या मित्राने दिला होता. ज्वारी मिळत नसे, पण त्या भागात बकव्हीट पिकायचं. जपानी लोक त्याच्या पिठाच्या शेवया करतात, मी भाकरी थापायचे. काळपट, जराशी कडसर भाकरी व्हायची, कडेने चिरायची, पण पिठल्याबरोबर उतरायची. सुहास सकाळी सातला जायचा. पाच वाजता गावातल्या भोंग्यावर एक गाणं लागायचं, पोरांनो घरी जा अशा अर्थाचं, आणि त्यानंतरही तासा-दोन तासांनी तो यायचा. मधले अकरा-बारा तास मी त्या घरात असायचे. बी.एस्सी. झालेली, कऱ्हाडच्या घरात सतत कुणीतरी हाक मारत असलेली चोवीस वर्षांची मुलगी, आणि हाक मारणारं कुणी नाही.

सप्टेंबरच्या शेवटापासून जंगलातून नर हरणांचे आवाज यायचे. इतक्या मोठ्या जनावराचा आवाज जाड, घोगरा असेल असं कुणालाही वाटेल. तो तसा नसतो. तो बारीक, लांब, चढत जाणारा असतो, एखाद्या मोठ्या दाराची बिजागरी डोंगरापलीकडे कुरकुरावी तसा, आणि संपताना तो खाली पडतो. मी पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा हातातलं पीठ तसंच ठेवून मागच्या दारात जाऊन उभी राहिले होते. पुढे कित्येक संध्याकाळी भाकरी तव्यावर टाकून मी दाराशी जायचे आणि ती करपायची.

चियो-सान आमच्या शेजारी राहायच्या. शेजारी म्हणजे एक शेत सोडून. वय साठीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, चालताना किंचित डावीकडे झुकायच्या. त्या समुद्राकाठच्या एका मासेमार घरात वाढलेल्या, लग्न होऊन आत डोंगराकडे आलेल्या. नवरा शिकारी होता आणि मुलगा शाळेत जायला लागल्यावर त्यांनीही परवाना काढला होता. गावात बंदुकीचा परवाना असलेली ती एकच बाई. तीस वर्षं दोघं जोडीने जंगलात गेले. त्यांच्याकडे एक नियम होता, नवऱ्याने घातलेला, की मारलेलं जनावर जमिनीवर सोलायचं नाही. पोट साफ केलं की लगेच मागच्या पायांनी टांगायचं. वारा सगळीकडून लागतो, मांस लवकर थंड होतं, माती-केस लागत नाहीत आणि वाकून वाकून कंबरही जात नाही. टांगायला त्यांच्याकडे एक साधा दोर होता. तो ओकच्या फांदीवरून टाकायचा, नवरा ओढायचा आणि चियो-सान खालून खांदा लावायच्या.

त्या वसंतात नवरा गेला. बर्फ वितळत असताना, छपरावरून पाणी गळत असताना, दुपारी झोपेत. मी आणि सुहास अंत्यविधीला गेलो होतो. काय बोलायचं ते मी सुहासकडून पाठ करून घेतलं होतं आणि प्रत्यक्षात नुसती मान लववून परत आले होते.

शिकारीचा हंगाम जवळ आला तेव्हा शिकारी संघाचे मोरि-सान चियो-सानकडे आले. मी तिथेच मुळा चिरत होते. मोरि-सान भला माणूस होता. मोठ्या पंजांचा, हळू बोलणारा. ते म्हणाले, "आता एकट्या जाऊ नका. आमच्या गटाबरोबर या. जे मिळेल त्यात तुमचा वाटा."

"वाटा घेणं निराळं," चियो-सान म्हणाल्या.

"गोळी तुम्ही नेहमीसारखी मारालच हो. पण पुढे काय? मोठा नर पडला तर तुम्ही त्याला कुशीवरसुद्धा वळवू शकणार नाही. बर्फात तसाच सोडून येणार का?"

चियो-साननी मी चिरलेला मुळा भांड्यात सारला. मग म्हणाल्या, "नाही. सोडून नाही येणार. उचलता आला नाही तर वसंतात बंदूक परत करीन. तुमच्याच हातात देईन."

मोरि-साननी मान लववली आणि चहा पिऊन गेले. त्यानंतर तीन दिवसांनी त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून तो प्रश्न विचारत होत्या.

त्या रात्री सुहासला मी जेवताना सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझे आण्णा पंप कसे काढतात विहिरीतून?" आणि मला स्वतःचीच लाज वाटली, की ही गोष्ट मला नाही, त्याला आठवली. माझे वडील, आण्णा, विहिरीवरच्या मोटरी आणि पंप दुरुस्त करायचे. दोनशे किलोचा पंप आणि वर पाण्याने भरलेले पाइप. आण्णा विहिरीच्या तोंडावर तीन लोखंडी पाइपांचं तिकाटणं उभं करायचे, मधोमध साखळीची कप्पी अडकवायचे आणि बोलत बोलत, विडी ओढत, एका हाताने साखळी खेचायचे. खडखड खडखड करत पंप वर यायचा, ओला, काळा, शेवाळ लागलेला. मी लहानपणी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. ते शिकण्यासारखं आहे असं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही कधी वाटलं नव्हतं.

सकाळी मी वहीचा कागद घेतला, तिकाटणं आणि कप्पी काढली आणि बिटाच्या शेतातून चियो-सानच्या घरी गेले. जपानात आल्यापासून मी कुणाकडे न बोलावता पहिल्यांदाच गेले असेन. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे असं असतं तर," त्या म्हणाल्या, "झाडाचीही गरज नाही." त्यांच्या आवाजात काहीतरी हललं.

पहिल्यांदा आम्ही तिकाटणंच करून पाहिलं. शेतकी सामानाच्या दुकानात ॲल्युमिनियमच्या तीन पायांचं एक मिळालं. हलकं, दुमडून काखेत मारता येईल असं. चियो-सानच्या गोठ्यापुढच्या सिमेंटवर बटाट्याची तीन पोती बांधून उचलली, सुरेख उचलली गेली. मग तेच आम्ही शेतात पहिल्या बर्फावर नेलं. निम्मं वजन वर आलं असेल-नसेल, तिन्ही पाय तीन दिशांना हळूहळू पसरत गेले आणि पोती, दोर, तिकाटणं सगळं सावकाश खाली बसलं. पायांना एकमेकांशी बांधून पाहिलं, तर ते थांबलं. पण चियो-साननी बाजूला उभं राहून हात वर केला आणि दाखवलं की नर हरीण मागच्या पायांनी टांगलं तर शिंगं जमिनीच्या वर राहायला हे निदान आणखी हातभर उंच हवं. उंच घ्यायचं तर पाय लांब, पाय लांब तर जड, आणि मग ते त्यांच्या घसरगाडीवर मावत नव्हतं. त्यांची ती लाल प्लास्टिकची घसरगाडी, कमरेला दोर बांधून मागे ओढायची, एवढंच त्यांचं वाहन होतं. जे न्यायचं ते तिच्यातून आणि परतताना मांसही तिच्यातूनच.

मी म्हणाले, मग झाड घेऊ, पण साखळीची कप्पी हवीच. मी त्या कप्पीवर अडून बसले. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमधून ती एका दिवसापुरती मागून आणली. हिरव्या रंगाची, अगदी आण्णांच्यासारखी. मला इतका आनंद झाला होता की तिचं वजन मला जाणवलंच नाही, कारण घसरगाडी चियो-सान ओढत होत्या. ओढू द्या म्हटलं तर त्यांनी दिली नाही. शेत ओलांडून जंगलाचा चढ सुरू झाला. शंभरेक पावलं गेल्यावर त्या थांबल्या. मग पुन्हा पन्नास पावलांवर थांबल्या. मग चक्क बर्फात बसल्या, टोपी काढली. केसांतून वाफ निघत होती.

"राता-सान," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे, "हे यंत्र चांगलं आहे. तुझ्या वडिलांच्या विहिरीजवळ बैलगाडी येत असेल."

"टेम्पो येतो," मी म्हणाले.

"हं. मला आधी हेच उचलून न्यावं लागतंय. हरीण त्यानंतर."

मी मान खाली घातली. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आले आहे, आणि कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी नेताना मधल्या वळणावर थांबते तेव्हा मला त्या चढाची लांबी नीट कळते. चोविसाव्या वर्षी मला फक्त वर जाणारं वजन दिसलं होतं. तिथवर चालत जाणारं माणूस दिसलंच नव्हतं.

दोन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच आल्या. दारात उभ्या राहून, बूटही न काढता म्हणाल्या, "उद्या बंदरावर जाऊ. बोटींच्या सामानाचं दुकान आहे. तू कप्प्या बघ, मी दोर बघते."

एकाच डब्याच्या गाडीने आम्ही दोन तास समुद्राकडे गेलो. बाहेर गोठायला आलेली दलदल, गवत, मधेच रुळांजवळ उभी राहून गाडीकडे बघणारी हरणं. चियो-साननी भाताचे त्रिकोणी गोळे आणले होते, मी मेथीचे ठेपले. मेथी म्हणजे सुकवलेली, कोबेची. दुकानात शिरल्याबरोबर डांबराचा आणि खाऱ्या दोरांचा वास आला आणि चियो-सानची चाल बदलली. झुकणं गेलं नाही, पण पावलं भराभर पडायला लागली. त्यांचं लहानपण याच वासात गेलं होतं.

दुकानदार माझ्याकडे पाहत नव्हता, त्यांच्याकडेच पाहून विचारत होता. "कशासाठी हवंय?"

"हरीण टांगायला."

"कोण ओढणार?"

"मी."

पुढे ठेवलेल्या कप्प्या त्याने उचलून मागे ठेवल्या आणि आतून दुसऱ्या दोन घेऊन आला. मुठीत मावतील एवढ्या, पोलादी, प्रत्येकीत शेजारी शेजारी दोन चाकं. मी एकेक चाक बोटाने फिरवून कानाशी धरलं. आण्णा तसं करायचे. तिसरं चाक जरा खरखरलं, तर त्याने मुकाट्याने ती कप्पी बदलून दिली. मग मी काउंटरवर दोर ओवून दाखवला. वरच्या कप्पीतून खाली, खालचीतून वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. "ओझं चार पदरांवर वाटलं जातं," मी माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत म्हणाले. "हाताला साधारण चौथा हिस्सा येतो. पण दोरही चौपट ओढावा लागतो. हातभर वर न्यायला चार हात."

"म्हणजे फुकट काही नाही," दुकानदार म्हणाला.

"वेळ आहे माझ्याकडे," चियो-सान म्हणाल्या. त्यांनी भिजला तरी न फुगणारा, हातमोज्यात नीट बसेल इतक्या जाडीचा दोर निवडला. तो इतक्या वेळा वाकवून, पिळून, दाताने चावून पाहिला की मला आईचं साडी निवडणं आठवलं. फांदीला लावायला एक रुंद पट्टा घेतला, दोर फांदीत रुतू नये म्हणून. हरणाच्या मागच्या दोन्ही पायांत, टाचेमागची जाड शीर आणि हाड यांच्यामधून घालायची दांडी मात्र घ्यायची नव्हती. ती त्यांच्याकडे होती. सगळं मिळून एका पाठपिशवीत बसलं. ती पिशवी त्यांनी पाठीला लावली, दुकानातच चार पावलं चालून बघितली आणि म्हणाल्या, "हे जमेल."

घरी करून पाहताना आणखी एक अडचण निघाली. पोती वर जायची, पण हात थकून जरा ढिलावला की सर्रकन खाली यायची. आण्णांची साखळी आपोआप अडकून राहायची, दोर तसा राहणार नव्हता. मी दोन रात्री कागदावर काय काय आकृत्या काढत होते. चियो-साननी एका मिनिटात ते सोडवलं. दोराचं टोक त्यांनी शेजारच्या दुसऱ्या झाडाच्या बुंध्याभोवती दोन वेढे देऊन हातात घेतलं आणि दोन बोटांत धरून दाखवलं. तीन पोती हवेत तशीच राहिली. "बोट धक्क्याला अशीच थांबवतात," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने शिकवलं. मी सहा वर्षांची होते." त्या दिवशी त्यांच्या गोठ्यामागे आम्ही दोघी त्या लटकलेल्या बटाट्यांखाली उभ्या राहून किती वेळ हसत होतो, कोण जाणे.

मग तो दिवस आला. सुहास म्हणाला, "जा, पण कायम त्यांच्या मागे उभी राहा." आम्ही उजाडताना निघालो. चियो-सान पुढे, त्यांच्या कमरेला लाल घसरगाडी, मागे मी. जंगलात इतकी शांतता होती की माझ्याच जॅकेटच्या बाह्या घासल्याचा आवाज मला मोठा वाटत होता. दोन तास आम्ही चाललो असू. एका घळीच्या तोंडाशी त्यांनी हात मागे केला आणि मी थांबले.

पलीकडच्या उतारावर तो उभा होता. आपल्याकडच्या सांबराच्या अंगापिंडाचा, मानेवर दाट काळपट आयाळ, आणि शिंगं, दोन्ही बाजूंना चार चार टोकांची, त्यांवर थोडं बर्फ. त्याच्या नाकातून निघणारी वाफ सकाळच्या उन्हात सोनेरी दिसत होती. महिनाभर दाराशी उभी राहून मी ज्याचा आवाज ऐकत होते, तो हा, किंवा याच्यासारखा. मला वाटलं होतं की भीती वाटेल, कीव येईल. तसं काही झालं नाही. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा पणती लागते आणि एवढी मोठी मूर्ती इथे होती हे कळतं, तसं झालं. मी श्वास सोडायला विसरले. त्याने आमच्याकडे मान वळवली आणि बंदूक वाजली. तो दोन पावलं चालला, फार सभ्यपणे, आणि खाली बसल्यासारखा पडला.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा चियो-साननी हातमोजे काढले, हात जोडले, डोळे मिटले. मीही जोडले. मग त्यांनी बाही वर केली आणि सुरी काढली. त्या काम करत असताना वरच्या झाडांवर कावळे जमले, आणि त्यांच्याही वर एका वठलेल्या झाडावर एक गरुड येऊन बसला. पांढऱ्या खांद्यांचा, पिवळ्या चोचीचा, बसल्या बसल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाएवढा. तो काही करत नव्हता, फक्त पाहत होता. इतकं मोठं पाखरू असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

पोट साफ झालं. जवळच एक जुना ओक होता, पण तिथवर त्याला उतारावरून खाली घ्यायचं होतं. मी पुढे झाले, तेव्हा चियो-सान वळल्या.

"राता-सान, हात खिशात घाल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पुढच्या वेळी तू नसशील," त्या म्हणाल्या. "आज तू हात लावलास तर मला काहीच कळणार नाही. पडले, लागलं, तर ये. एरवी नाही."

मी हात खिशात घातले. मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यांत अवघड काम असेल. मोठी माणसं काम करत असताना उभं राहून बघायचं नाही, हे माझ्या हाडामांसात मुरलेलं. आणि समोर साठीच्या पुढची बाई हरणाच्या शिंगांना दोर बांधून, एकेक वीत, उतारावरून ते धूड सरकवत होती. त्यातच दुपार झाली. बारीक दोरीला दगड बांधून तिने ओकच्या फांदीवर फेकला, तो पडला. पुन्हा फेकला, पुन्हा पडला. चौथ्यांदा गेला. पट्टा फांदीला बसला, कप्पी वर गेली, दांडी पायांत गेली. मग दोराचे वेढे दुसऱ्या झाडाला, आणि ओढणं सुरू झालं. दोन हात दोर, ढील वेढ्यांतून काढून घ्यायची, श्वास. दोन हात दोर, ढील, श्वास. हरणाचे मागचे पाय उठले, मग पाठ. ऊन एव्हाना डोंगराच्या कडेला टेकत चाललं होतं. तिथे हिवाळ्यात पावणेचारला सूर्य जातो.

मग तो अडकला. छातीपर्यंत वर आला आणि पुढे येईना. चियो-सान ओढत होत्या, दोर ताणून वाजायला लागला होता. त्या दुसऱ्या झाडापाशी होत्या, त्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं. डाव्या शिंगाचं एक टोक बर्फाखालच्या मुळीत अडकलं होतं. एक शब्द पुरला असता. बोलायचं नाही, असं त्या म्हणाल्या नव्हत्या, नुसतं हात लावायचा नाही म्हणाल्या होत्या. शब्द माझ्या तोंडात आला होता आणि मी ओठ दाताखाली धरला. त्यांनी पुन्हा ओढलं. मग आणखी एकदा. फांदी कुरकुरली. मला वाटलं, आता दोर तुटेल, किंवा यांचं काहीतरी तुटेल, आणि तो दोष माझा असेल.

त्या थांबल्या. दोर एका हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, कपाळ झाडाला टेकवून. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी दोराचं टोक बुंध्याला नीट गाठ मारून पक्कं केलं, सावकाश चालत हरणापाशी आल्या, त्याच्याभोवती एक फेरी मारली, वाकल्या आणि बर्फ उकरलं. परत गेल्या, हातभर दोर सोडला, पुन्हा आल्या, शिंग वळवून मुळीतून सोडवलं. परत गेल्या. दोन हात दोर, ढील, श्वास.

तो वर गेला. पूर्ण वर गेला, शिंगांची टोकं बर्फापासून वीतभर सुटेपर्यंत, आणि सावकाश एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरून स्थिर झाला. त्याच्या अंगातून वाफ निघत होती आणि तिरप्या उन्हात ती ओकच्या फांद्यांतून वर वर जात होती. जिवंतपणी तो जेवढा दिसला होता त्याहून तो मला मोठा दिसला. आणि त्याच्याजवळ उभी असलेली, टोपी मागे सरकलेली, नाक गळत असलेली, जेमतेम त्याच्या कमरेपर्यंत येणारी ती बाई, ती त्याच्याहूनही.

"तुला शिंग दिसत होतं," त्या म्हणाल्या. विचारत नव्हत्या.

"हो."

"आणि तू गप्प राहिलीस."

"हो. मला फार..." पुढचा जपानी शब्द मला येत नव्हता.

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मला वाकून नमस्कार केला. तिकडचे लोक दिवसातून वीस वेळा वाकतात, तसं नाही. खोल, आणि बराच वेळ. माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठी बाई. मी काय करावं हे मला सुचेना, मी पण वाकले, आणि वाकल्यावर मला रडू आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी तशीच वाकलेली राहिले.

अंधार पडायच्या आत त्यांनी कातडं काढून चार भाग केले. परतताना घसरगाडीचा दोर त्यांनी दोन टोकांचा केला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "टांगणं झालं," त्या म्हणाल्या. "आता शेजारधर्म." दोन दिवसांनी मी त्या मांसाचा कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. चियो-सान आणि मोरि-सान दोघेही जेवायला आले होते. चियो-सान बकव्हीटची भाकरी रश्श्यात बुडवून, नाक पुसत पुसत खात होत्या. मोरि-साननी तिखटाने लाल झालेल्या डोळ्यांनी विचारलं, "कुणी मदत केली?"

"कुणी नाही," मी म्हणाले, चियो-सानच्या आधी.

मोरि-सान माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांच्याकडे, आणि मग त्यांनी आणखी भात मागितला. बंदुकीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, दुपारी, मी मागच्या खिडकीशी भांडी घासत होते. बर्फ थांबलेलं होतं आणि सगळं शेत कोरं पांढरं होतं. जंगलाच्या कडेतून एक लाल ठिपका बाहेर आला. त्याच्यापुढे एक काळी, किंचित डावीकडे झुकलेली आकृती. ती दहा पावलं चालायची, थांबायची, पुन्हा दहा पावलं. घसरगाडीत ओझं होतं, ते इतक्या लांबूनही कळत होतं. त्या दिवशी त्या जाणार आहेत हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं. मी बूट घालायला दाराकडे वळले, आणि मग परत खिडकीशी आले. त्यांना शेत ओलांडायला अर्धा तास लागला. मी तो अख्खा अर्धा तास ओल्या हातांनी तिथे उभी राहून पाहिला. मधे एकदा त्या थांबल्या, कंबर सरळ केली आणि मागे वळून जंगलाकडे बघितलं. मग दोर पुन्हा खांद्यावर घेतला आणि घराकडे चालायला लागल्या.